नामीचे रिकामे हात

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय १ ते ४.



रूथाचे पुस्तक आपल्या मंडळ्यांत बहुधा लग्नाच्या प्रसंगी वाचिले जाते. सुनेने सासूपाशी केलेला निश्चय वाचून दाखवितात, नव्या नवरीस बोध करितात आणि पुस्तक मिटून ठेवितात. परंतु वृद्ध माणसाच्या बाजूने हे पुस्तक वाचून पाहा. त्याचा आरंभ एका उतारवयाच्या बाईच्या दुःखाने होतो आणि त्याचा शेवट त्याच बाईच्या मांडीवर होतो. रूथ व बवाज यांची नावे आपल्या तोंडी बसली आहेत. पण ज्या घराची ही कथा आहे ते घर नामीचे आहे. आज त्या घरात जाऊन बसू.

तिची हकीकत आपणांस ठाऊक आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडला तेव्हा अलीमलेख आपली बायको नामी व दोन मुलगे यांस घेऊन पोट भरावयास मवाब देशी गेला. तेथे तो वारला. पुढे मुलांची लग्ने झाली. सुमारे दहा वर्षे लोटली आणि ते दोघेही वारले. मागे तीन विधवा राहिल्या. मायदेशी पुन्हा अन्न मिळू लागले असे कानी आल्यावर नामी परत निघाली. गावात शिरताच बायका एकमेकींस विचारू लागल्या की, ही नामीच ना? इतकी ती बदलली होती. तेव्हा तिने त्यांस सांगितले की, मला यापुढे नामी, म्हणजे रमणीय, म्हणू नका. मारा, म्हणजे कडू, या नावाने हाक मारा. मी येथून भरलेली गेले आणि देवाने मला रिकामी परत आणिले.

आता नीट लक्ष द्या. नामी हे बोलत होती त्या घडीस तिच्या शेजारी कोण उभे होते? रूथ उभी होती. जिने आपला देश, आपली माणसे व आपले देव सोडून सासूची वाट धरिली, ती सून हाताच्या अंतरावर होती. आणि सासू म्हणते, मी रिकामी आले. ती खोटे बोलत नव्हती. तिला खरोखरच कोणी दिसत नव्हते. मन खचले म्हणजे डोळ्यांस असे होते. जे गेले तेवढे दिसते आणि जे उरले ते दिसत नाही.

आजच्या उपदेशाचे सार एवढेच आहे : ज्याचे मन खचले आहे त्यास शेजारचे माणूस दिसत नाही; यास्तव शेजारच्या माणसाने दूर जाऊ नये, आणि खचलेल्या माणसाने आपला हात थोडा तरी पुढे करावा.

१. खिन्नता हे पाप नव्हे

आपल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कोणत्याही गावी नामीसारखी माणसे पाहावयास मिळतील. देगलूर, मुखेड, कंधार, औसा, निलंगा, उदगीर, कोणताही तालुका घ्या. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून लेकरे जगविली ती माणसे आज ओसरीवर बसून आहेत. एक मुलगा पुण्यास, एक हैदराबादेस. कोणाची लेकसून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीस जाते आणि घरी म्हातारी व शाळेची पोरे राहतात. नवरा किंवा बायको आधीच प्रभूकडे गेलेली असते. गुडघे दुखतात, कानास कमी ऐकू येते, मोतीबिंदूने दृष्टी मंद होते. पूर्वी ज्याच्या सल्ल्यावाचून घरचा बैल विकला जात नसे त्यास आता शेत बटाईने दिल्याचेही दुसऱ्याच्या तोंडून कळते. मग तो म्हणतो, माझी कोणास गरज नाही, मी उगाच जगतो आहे.

याहून मोठा घाव सोसलेली माणसेही आपल्यांत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी व सास्तूरच्या भागात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर कोसळून सुमारे १० हजार माणसे मरण पावली. त्या पहाटे जे चाळिशीत होते ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. तरुणपणी दुःख कामाखाली दाबून ठेविता येते. औत धरिले, पाणी भरिले, लेकीचे लग्न केले, दिवस गेला. म्हातारपणी काम हातून सुटते आणि दाबलेले दुःख वर येते. तीस वर्षांपूर्वी रडावयाचे राहिले ते कोणी आता रडतो, तर त्यात नवल काय?

अशा माणसास आपण काय सांगतो? तुझा विश्वास कमी पडला, प्रार्थना वाढव, असे सांगतो. रूथाचे पुस्तक वाचून पाहा. नामीने देवाविषयी इतके कडू शब्द काढिले तरी त्या पुस्तकात तिचा निषेध कोठेही नाही. देवाने तिला रागे भरले नाही, आणि गावच्या बायकांनीही नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागू लागला (१ राजे १९), तेव्हा देवाने त्यास प्रथम झोप दिली, मग भाकर व पाणी दिले, पुन्हा झोप दिली, पुन्हा भाकर दिली; काम व बोध त्यानंतर. आणि ज्याने असे मरण मागितले त्याच्यावर देवाने पुढे मोठी कामगिरी सोपविली. तेव्हा खिन्न मनुष्य देवाच्या दृष्टीने टाकाऊ ठरत नाही, हे निश्चित समजा.

२. देहाची काळजी प्रथम घ्यावी

देवाने एलीयास आधी भाकर दिली, हे लक्षात ठेवून आपण पुढे जाऊ. शोक निराळा आणि आजार निराळा. शोकाची लाट येते व ओसरते. नातू आला की हसू येते, गोड घास गोड लागतो. परंतु दोन आठवडे किंवा अधिक काळ मन सतत उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, अन्न जाईना, मध्यरात्रीनंतर झोप मोडून पहाटेपर्यंत डोळा लागेना, अंगात त्राण उरले नाही, सर्वांस आपले ओझे होते असेच वाटू लागले, तर तो आजार असू शकतो व त्यास उपाय आहे. वृद्धांत तो पुष्कळदा वेश पालटून येतो. मी दुःखी आहे असे म्हातारी म्हणत नाही. छातीत धडधडते, अंग ठणकते, पोट साफ होत नाही, असे म्हणते. कोणी चिडचिड करितो, कोणी विसरू लागतो, कोणी गप्पच बसतो. घरचे म्हणतात, वयच झाले. वय होणे व मन खचणे या दोन गोष्टी आहेत. सर्व म्हातारी माणसे खिन्न नसतात.

ही करणी नव्हे, भूतबाधा नव्हे आणि पूर्वीच्या पापाचा दंडही नव्हे. देवऋषीकडे जाऊन पैका व दिवस घालवू नका. कित्येकदा थायरॉइडचा विकार, रक्तातील कमतरता, दुसऱ्या रोगावरील एखादे औषध किंवा बहिरेपण यांमुळेही मन मंदावते, आणि ते तपासल्यावाचून कळत नाही. यास्तव प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवावे. नांदेडास विष्णुपुरी येथे व लातुरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तेथे मनाच्या आजाराचीही तपासणी होते. गावातील आशाताईस विचारिले तर ती वाट दाखवील. मनाच्या आजारावरील गोळ्यांचा गुण दिसावयास काही आठवडे लागतात. चार दिवसांत बरे वाटले नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. २०२२ सालापासून टेलि-मानस नावाची सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री फोन केला तरी पैसे न घेता बोलणारे माणूस मिळते, आणि मराठीतून बोलता येते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरचे वृद्ध माणूस मरणाची भाषा बोलू लागले, आपल्या वस्तू वाटून टाकू लागले किंवा निरवानिरव करू लागले, तर हसण्यावारी नेऊ नका. त्यास एकटे ठेवू नका. जिवाचे काही करावे असे मनात येते काय, असे मायेने सरळ विचारा. विचारिल्याने तो विचार वाढत नाही, उलट मन मोकळे होते. पिकावर फवारण्याचे औषध आपल्या घरोघरी कोनाड्यात पडलेले असते; ते कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याजवळ द्या. त्याच दिवशी डॉक्टराकडे न्या. प्रार्थना अवश्य करा. वाटेने जाताना करा.

३. सासूने काय केले, सुनेने काय केले

आता घरातील बेबनावाकडे येऊ. म्हातारपणाचे अर्धे दुःख देहाचे, अर्धे घरचे. सासू म्हणते, सून विचारीत नाही. सून म्हणते, कितीही केले तरी बोल चुकत नाही. मुलगा दोघींच्या मध्ये सापडून गप्प राहतो किंवा दारूच्या वाटेस लागतो. शेताची वाटणी होते, सातबाऱ्यावर मुलांची नावे चढतात आणि आईबाप महिन्याच्या पाळीने एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर फिरतात. आपल्यांपैकी काहींच्या घरी ख्रिस्ताचे नाव घेतल्यामुळेही भाऊबंद तुटले आहेत.

नामीच्या घरात काय घडले ते पाहू. मवाबातून निघताना तिने दोन्ही सुनांस मोकळे केले. तुम्ही आपापल्या माहेरी जा, तुमचे पुन्हा घर होवो, असा आशीर्वाद दिला. आणि तत्पूर्वी एक गोष्ट उघड बोलून दाखविली : तुम्ही मेलेल्यांशी व माझ्याशी ममतेने वागलात. आपल्याकडे सुनेचे उणे शेजारी सांगितले जाते आणि तिचे गुण मनात ठेविले जातात. नामीने गुण सुनेच्या तोंडावर सांगितले आणि तिच्यावर सक्ती केली नाही. अर्पा माहेरी गेली, तिला नामीने शाप दिला नाही. रूथ राहिली ती आपल्या खुशीने. बांधून ठेविलेले माणूस दावे तुटताच पळते. वडीलधाऱ्यांनो, सुनेच्या हातच्या एका चांगल्या गोष्टीचे नाव घेऊन आज तिच्यादेखत बोला. एकीची गोष्ट दुसरीजवळ नेऊ नका. पुण्याच्या मुलाची थोरवी गावी राहून तुमचे करणाऱ्या मुलास ऐकवू नका.

आणि सुनेने काय केले? गावात आल्यावर तिने सासूस बोध केला नाही. उठून शेतात सरवा वेचावयास गेली. दिवसभर वेचून जव झोडून आणिले आणि दुपारी स्वतः जेवून जे राखून ठेविले होते ते सासूपुढे ठेविले (रूथ २). खिन्न माणसाशी बोलण्याची हीच खरी रीत होय. आधी ताट वाढा, शब्द मागाहून येतील. मुलांनो, आईचे औषध पाठविता तसा आवाजही पाठवा. आठवड्यातील एक वार ठरवून फोन करा आणि तो वार चुकवू नका, कारण ती सकाळपासून वाट पाहते. तिच्यादेखत तिच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नका, तिच्याशीच बोला. पेरणीस सोयाबीन घ्यावे की तूर, लेकीस कोठे द्यावे, हे तिला विचारा. निर्णय शेवटी तुमचाच राहील. पण विचारिल्याने तिचे घरातील स्थान तिला परत मिळते.

रुसवा आणि अन्याय यांत मात्र भेद करा. मारहाण, उपासमार, घराबाहेर काढणे, अंगठा घेऊन जमीन लाटणे, हे देवाची इच्छा म्हणून मुकाट्याने सोसावे असे शास्त्र शिकवीत नाही. आईबापांस द्यावयाचे ते देवास वाहिले असे सांगून जे मोकळे होत असत त्यांचा प्रभूने कडक शब्दांत निषेध केला (मार्क ७), आणि वधस्तंभावर असताही आपल्या आईची सोय शिष्याच्या घरी लावून दिली (योहान १९). या देशात २००७ सालापासून आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्यानुसार मुलांकडून पोटगी मागण्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करिता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर कायद्यानंतर जमीन किंवा घर लिहून दिले आणि ती अट मोडली, तर ते लिहून देणे रद्द ठरविता येते; यास्तव अट कागदावर स्पष्ट घालून घ्यावी. वृद्धांच्या मदतीसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. निराधार असणाऱ्यांस ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ योजनेसाठी तहसील कचेरीत अर्ज करिता येतो. अर्ज लिहिण्यास प्रचारकाने हात द्यावा. हीही प्रभूची सेवा आहे.

४. हात पुढे करण्यात लाज नाही

वृद्ध बंधुभगिनींनो, आता तुमच्यासाठी दोन शब्द. पुष्कळांस मदत घेणे जड जाते. जन्मभर दिले, आता हात कसा पसरू, असे वाटते. पुनरुत्थानानंतर प्रभूने पेत्रास त्याच्या म्हातारपणाविषयी सांगितले की, तू हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील (योहान २१). ते बोलणे पेत्राच्या मरणाविषयी होते, असे योहान म्हणतो. तरी लक्षात घ्या की, कंबर बांधून जाळे ओढणाऱ्या बळकट कोळ्यास प्रभूने हेही शिकविले की, पुढे दुसऱ्याच्या हाताने चालण्याचे दिवस येतील, आणि तेव्हाही माझ्या मागे ये. चालता येत होते तेव्हाचा पेत्र प्रभूचा होता. दुसऱ्याने चालविलेला पेत्रही प्रभूचाच राहिला.

एका माणसास जी लाज वाटते ती एखाद्या शहरास वाटली असती तर काय झाले असते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरास प्यावयास पाणी उरले नाही. एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या गाडीस १० डबे होते व त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते; पुढे ५० डब्यांच्या गाड्या येऊ लागल्या. लातुराने पाणी मागितले म्हणून लातुराची अब्रू गेली काय? पाऊस पडला, धरण भरले, गाड्या थांबल्या, शहर जगले. आपली विहीर आटली असता शेजारच्या विहिरीवर घागर नेणे यात शहाणपण आहे. तुमच्या मनाची विहीर आज आटली असेल. एका माणसास, मग ती सून असो, प्रचारक असो, डॉक्टर असो, एवढेच सांगा की, मला बरे वाटत नाही, माझ्याजवळ थोडे बस.

आणि आपल्याजवळ द्यावयास काही उरले नाही असे समजू नका. रूथ तरुण व कष्टाळू होती. पण मवाबातून आलेल्या त्या मुलीस बेथलेहेमाची रीतभात ठाऊक नव्हती. जवळचा आप्त कोण, वतन सोडविण्याचा हक्क कोणाचा, कापणीच्या काळात कोणाच्या शेतात राहावे, हे नामीस ठाऊक होते. त्या घराचा उद्धार रूथाच्या हातांनी व नामीच्या ज्ञानाने मिळून झाला. नामी कधी सावरू लागली याची खूणही पुस्तकात आहे. संध्याकाळी सुनेने धान्य आणिले तेव्हा सासूने विचारिले, आज तू कोठे वेचलेस? कडूपणा बोलून दाखविल्यानंतर तिने दुसऱ्याच्या दिवसाची केलेली ही पहिली चौकशी. बवाजाचे नाव ऐकताच तिच्या तोंडी देवाचा आशीर्वाद आला. मोठा धीर आधी यावा व मग काम करावे, असे सहसा होत नाही. आधी एक लहान प्रश्न, एक लहान काम. धीर त्यामागून येतो. सकाळी दारापर्यंत चालत जा, उन्हात बसा, शेंगा सोला, नातवास गोष्ट सांगा, एका घरासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. एवढे झाले तर त्या दिवशी पुष्कळ झाले.

आपल्या मराठी मंडळीत याचे मोठे उदाहरण लक्ष्मीबाई टिळक यांचे आहे. त्यांचा जन्म १८६८ चा. शाळेचे शिक्षण त्यांस मिळाले नव्हते. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा घर दुभंगले आणि पतिपत्नी काही वर्षे वेगळी राहिली. पुढे ती एकत्र आली व १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक वारले. पन्नाशी ओलांडलेली ही विधवा आता काय करणार, असे कोणासही वाटले असते. टिळकांनी आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायन’ काव्याचे दहा-अकरा अध्यायच लिहून झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. साठी उलटल्यावर त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ साली त्या वारल्या, आणि ते पुस्तक अद्याप घरोघर वाचिले जाते. प्रत्येक आजी पुस्तक लिहील असे नाही. परंतु मोडलेले घर पुन्हा सांधले जाते, आणि देव उतारवयातही नवे काम हाती देतो, याची ही साक्ष आहे.

५. मंडळीने काय करावे

शेवटी बेथलेहेमाच्या बायकांकडे पाहा. आरंभी त्या नामीचे कडू बोलणे ऐकून घेतात, आणि शेवटी तिच्याभोवती उभ्या राहून बाळाचे नाव ठेवितात. मधल्या दिवसांतही त्या गावातच, शेजारी होत्या. शेजार म्हणजे काय हे किल्लारीच्या भागास विचारावे. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. रुंद रस्ते व ओळीने घरे झाली, भिंती मजबूत झाल्या. पण जुन्या गल्लीत ज्या ओट्यावर चार म्हातारी माणसे रोज टेकत असत तो ओटा नव्या गावात मिळाला नाही. शेजारी दूरच्या ओळीत गेले आणि दुखऱ्या गुडघ्यांस ते अंतर पार होईना. भिंत सरकारास बांधिता येते. ओटा माणसांनी भरावा लागतो.

प्रचारक बंधूंनो, हा ओटा भरणे आपले काम आहे. आपल्या गावातील साठीपुढच्या माणसांची यादी करा. जे एकटे राहतात त्यांची नावे वर लिहा. प्रत्येकाकडे ठरलेल्या वारी जा. गेल्याबरोबर शास्त्र उघडू नका; अर्धा घटका ऐका. तीच गोष्ट दहाव्यांदा सांगितली तरी ऐका. कमी ऐकणाऱ्यास उपासनेत पुढे बसवा आणि मोठ्याने वाचा. ज्यास येववत नाही त्याच्या घरी प्रभुभोजन नेण्यास पाळकांस सांगा. इस्पितळाच्या दिवशी मंडळीतील एका तरुणास बरोबर पाठवा. प्रत्येक वृद्धास मंडळीचे एक काम द्या : कोणी मुलांस वचने पाठ करवावी, कोणी आजाऱ्यांच्या नावांची यादी घेऊन प्रार्थना करावी, कोणी जुन्या चाली तरुणांस शिकवाव्या. ज्याची वाट पाहिली जाते त्याचे पाऊल घराबाहेर पडते. घरात भांडण असेल तर एकाच बाजूचे ऐकून निकाल देऊ नका. सासूस वेगळे ऐका, सुनेस वेगळे ऐका, आणि एकीचे बोलणे दुसरीच्या कानी घालू नका.

नामीच्या कथेचा शेवट कसा झाला? तिचा नवरा परत आला नाही. तिचे मुलगे मवाबच्या मातीत राहिले. त्यांची उणीव भरून निघाली असे पुस्तकात कोठेही म्हटलेले नाही, आणि आपणही कोणा शोक करणाऱ्यास तसे सांगू नये. पण जी हात रिकामे आहेत म्हणाली होती तिच्या मांडीवर रूथाचे बाळ आले, आणि ती त्याची दाई झाली. शेजारणी म्हणाल्या की, सात मुलांहून अधिक अशी ही सून तुला लाभली आहे. पहिल्या दिवशीही ती सून तेथेच उभी होती. आता सासूस ती दिसली. त्या बाळाचे नाव ओबेद. त्याच्या वंशात दावीद झाला आणि पुढे त्याच वंशात आपला प्रभू जन्मास आला. नामीस यातले काहीही ठाऊक नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की, मांडी जड झाली आहे.

या रविवारी उपासनेहून घरी जाताना एका दाराशी थांबा. आत जे कोणी बसले असेल त्याच्याजवळ बसा. आणि आत बसलेले तुम्हीच असाल, तर दाराची कडी काढून ठेवा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, ज्यांचे केस पिकले व मन थकले आहे त्यांस तू टाकीत नाहीस, यास्तव आम्ही तुझे उपकार मानितो. ज्यांस झोप नाही त्यांस झोप दे, ज्यांस अन्न गोड लागत नाही त्यांस भूक दे, ज्यांस कोणी दिसत नाही त्यांचे डोळे उघड. आमच्या घरांतील सासू-सुनांस, बाप-लेकांस एकमेकांशी गोड बोलावयास शिकीव. वैद्यांच्या हातास यश दे. आणि आम्हांस कोणाच्या तरी शेजारी उभे राहण्याची बुद्धी दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.